'द नेम ऑफ द रोझ' (१९८६): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्ययुगीन मठात घडणाऱ्या या खूनकथेबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. पहिल्या भागात रहस्य फोडलेलं नाही. दुसऱ्या भागात सगळंच उघड केलं आहे, तेव्हा चित्रपट पाहिला नसेल तर पहिल्या भागापाशीच थांबावं.

भाग पहिला: पाहण्याआधी

गोष्ट काय आहे?

साल १३२७, हिवाळा. उत्तर इटलीच्या डोंगरातल्या एका बेनेडिक्टाइन मठात विल्यम ऑफ बास्करव्हिल हा फ्रान्सिस्कन भिक्षू आपल्या कोवळ्या शिष्याला, आड्सोला घेऊन येतो. तिथे पोपचे दूत आणि फ्रान्सिस्कन पंथाचे पुढारी यांच्यात मोठा वादविवाद व्हायचा आहे. पण त्याआधीच पोथ्यांमध्ये चित्रं काढणारा एक तरुण भिक्षू मनोऱ्याखाली मरून पडलेला सापडला आहे. पोपचे लोक पोचायच्या आत याचा छडा लागावा, म्हणून मठाधिपती विल्यमला गळ घालतो. मग दुसरा मृतदेह सापडतो, मग तिसरा. आणि सगळ्या वाटा मठाच्या ग्रंथालयाकडे जातात, जिथे ग्रंथपाल आणि त्याचा मदतनीस सोडून कोणालाही प्रवेश नाही.

काळाचा अंदाज यावा म्हणून: मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली ती साधारण याच सुमारास, आणि परंपरेने मानतात तो काळ धरला तर नामदेव तेव्हा हयात होते.

कोणी केला आणि कोण आहे त्यात?

दिग्दर्शक ज्याँ-ज्याक आनो, निर्माता बर्न्ड आयशिंगर. फ्रान्स, इटली आणि पश्चिम जर्मनी यांची ही संयुक्त निर्मिती, पण चित्रीकरण इंग्रजीत. विल्यम म्हणजे शॉन कॉनरी, आड्सो म्हणजे ख्रिश्चन स्लेटर, इन्क्विझिटर (पाखंड्यांना शोधून खटले चालवणारा चर्चचा अधिकारी) बर्नार्दो गुई म्हणजे एफ. मरे एब्राहम. कॅमेरा तोनीनो देल्ली कोल्ली यांचा, कलादिग्दर्शन दान्ते फेरेत्ती यांचं, संगीत जेम्स हॉर्नर यांचं. लांबी सुमारे २ तास १० मिनिटं. कॉनरीला या भूमिकेसाठी बाफ्टा हे ब्रिटिश पारितोषिक मिळालं आणि फ्रान्समध्ये चित्रपटाला परदेशी चित्रपटाचं सेझार मिळालं. अमेरिकेत मात्र धंदा जेमतेम ७२ लाख डॉलरचा झाला. खर्च वसूल केला तो युरोपने.

श्रेयनामावलीत 'कादंबरीवर आधारित' न म्हणता 'पॅलिम्प्सेस्ट' म्हटलंय. म्हणजे काय?

चर्मपत्र महाग असायचं. जुनी पोथी नकोशी झाली की दूध आणि ओटच्या कोंड्याने शाई सैल करायची, प्युमिस दगडाने घासायची, आणि त्याच पानांवर नवा मजकूर लिहायचा. खालची अक्षरं पुरती जात नाहीत, तिरप्या उजेडात पुसट दिसतात. अशा पानाला पॅलिम्प्सेस्ट म्हणतात. आर्किमिडीजचं लेखन असंच १२२९ साली एका प्रार्थनापुस्तकाखाली गाडलं गेलं होतं. उंबेर्तो एको यांची १९८० ची कादंबरी पाचशेच्या वर पानांची, धर्मशास्त्राने आणि लॅटिनने ठासून भरलेली. आनोंनी ती खरवडली आणि वर खूनकथा लिहिली, एवढं कबूल करणारा हा शब्द आहे. प्रामाणिक म्हणायला हवा.

सगळे भिक्षू सारखेच दिसतात. कोणाला कसं ओळखायचं?

पहिल्या वीस मिनिटांत गोंधळ होतोच, कारण सगळ्यांचं डोकं मधोमध भादरलेलं आणि सगळ्यांचे झगे गडद. पण आनोंनी चेहरे मुद्दाम एकाहून एक विचित्र निवडले आहेत, त्यांचाच आधार घ्यावा. गोरामोमट, जाडा, भुवया नसल्यासारखा दिसणारा तो बेरेंगार, ग्रंथपालाचा मदतनीस. उंच, बाकदार नाकाचा, कायम कोणावर तरी पाळत ठेवणारा तो मलाकिया, खुद्द ग्रंथपाल. काळा, ग्रीक जाणणारा अनुवादक व्हेनांशियस. औषधी वनस्पतींच्या बाटल्यांमध्ये वावरणारा सेव्हेरिनस. जाडजूड, घामेजलेला रेमीजिओ हा कोठावळा, म्हणजे मठाची कोठी, धान्य आणि मुदपाकखाना त्याच्या हातात. कुबड असलेला, चार भाषांची खिचडी बोलणारा साल्व्हातोरे हा त्याचा माणूस. आणि पांढऱ्या डोळ्यांचा आंधळा म्हातारा तो होर्हे. दुसरा जख्ख म्हातारा, विल्यमचा जुना मित्र, तो उबेर्तीनो. या दोन म्हाताऱ्यांची अदलाबदल झाली की पुढचं काहीच कळत नाही.

विल्यम याच मठातला नाही का? तो वेगळा कशावरून?

बेनेडिक्टाइन हे मठवासी: एकाच मठात आयुष्य काढायचं, जमीन-कुळं मठाच्या मालकीची, दिवसाचे ठरलेले प्रार्थनाप्रहर. फ्रान्सिस्कन हे फिरते भिक्षू, भिक्षा मागून जगणारे, शहरांत आणि विद्यापीठांत वावरणारे. म्हणून विल्यम पाहुणा आहे, त्याचा झगा राखाडी-तपकिरी आहे, आणि मठाची संपत्ती पाहून तो मधूनमधून टोमणे मारतो. तिसरा पंथ डॉमिनिकनांचा. इन्क्विझिशनचं काम प्रामुख्याने त्यांच्याकडे असे, आणि बर्नार्दो गुई त्यांच्यातला. हे तीन पंथ मनात पक्के ठेवले की अर्धं राजकारण आपोआप उलगडतं.

एक फरक: कादंबरीत आड्सो बेनेडिक्टाइन शिष्य आहे. चित्रपटाने त्याला फ्रान्सिस्कन करून प्रकरण सोपं केलं.

ख्रिस्ताच्या अंगावरचे कपडे त्याच्या मालकीचे होते का, यावर एवढी भांडणं कशाला?

ऐकायला हास्यास्पद वाटतं, आणि आनोंनीही ते थोडं हास्यास्पदच दाखवलंय. पण प्रश्न पैशाचा होता. ख्रिस्त आणि त्याचे शिष्य यांची कशावरच मालकी नव्हती, असं फ्रान्सिस्कनांनी १३२२ साली पेरूजाच्या सभेत जाहीर केलं. ते खरं मानलं तर चर्चची शेतं, किल्ले, कर या सगळ्याला आधार काय उरतो? पोप बाविसावा जॉन तेव्हा रोमऐवजी आव्हीन्यों (आज फ्रान्समध्ये) इथे बसत असे. त्याने १३२३ साली हे मत पाखंड ठरवलं. बव्हेरियाचा सम्राट लुडविग याचं पोपशी वैर, म्हणून त्याने फ्रान्सिस्कनांची पाठराखण केली. मठातली चर्चा ही या दोन सत्तांमधली आहे. चित्रपट हे दोन-तीन वाक्यांत उरकतो आणि बरेच प्रेक्षक तिथे हरवतात. एवढी पार्श्वभूमी आधी माहीत असली तर तो प्रसंग चांगलाच धारदार वाटतो.

यातली माणसं खरी होती का?

विल्यम, आड्सो, होर्हे, मठाधिपती काल्पनिक. विल्यमच्या नावात दोन इशारे आहेत: बास्करव्हिल म्हणजे शेरलॉक होम्सचा कुत्र्याचा किस्सा, आणि विल्यम म्हणजे ऑकमचा विल्यम, त्या काळचा इंग्रज फ्रान्सिस्कन तत्त्वज्ञ. बुर्गोसचा आंधळा होर्हे म्हणजे लेखक होर्हे लुईस बोर्हेस. ते आंधळे झाल्यावरही अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक होते, आणि चक्रव्यूह, आरसे, अनंत ग्रंथालयं हे त्यांचे आवडते विषय.

बर्नार्दो गुई मात्र पूर्ण खरा. तुलूज इथे १३०७ ते १३२३ इन्क्विझिटर, पुढे लोदेव्हचा बिशप, इन्क्विझिटरांसाठी लिहिलेल्या एका मार्गदर्शिकेचा लेखक. चित्रपटातला तो जवळजवळ सैतान आहे. खरा गुई कारकुनी शिस्तीचा, नोंदी ठेवणारा माणूस होता. त्याने दिलेल्या शेकडो शिक्षांपैकी जाळण्यासाठी सरकारच्या स्वाधीन केलेल्यांचा आकडा चाळीसच्या आसपास भरतो. ज्या माणसाकडे पाहून अंगावर काटा येतो, तो घरी बसून शिक्षांच्या याद्या करत होता, हे चित्रपटात आलं असतं तर जास्त भयंकर वाटलं असतं.

उबेर्तीनो दा कासाले आणि फ्रान्सिस्कनांचा प्रमुख मिकेले दा चेझेना हेही खरे. मिकेले १३२८ साली आव्हीन्योंहून पळाला, आणि त्याच्याबरोबर पळणाऱ्यांत ऑकमचा विल्यमही होता. रेमीजिओ आणि साल्व्हातोरे ज्या दोल्चीनोचे जुने अनुयायी म्हणून पकडले जातात, तो पाखंडी पंथाचा पुढारी फ्रा दोल्चीनोही खरा. त्याला १३०७ साली मारण्यात आलं.

हे इन्क्विझिशन म्हणजे गोव्यात होतं तेच का?

कूळ एक, व्यवस्था वेगळी. मराठी वाचकाला हा शब्द माहीत असतो तो गोव्यामुळे, आणि अ. का. प्रियोळकरांनी त्यावर केलेल्या अभ्यासामुळे. चित्रपटातलं इन्क्विझिशन पोपने नेमलेल्या भिक्षूंचं, ख्रिस्ती पाखंडी शोधणारं, गावोगाव फिरणारं. गोव्यातलं १५६० साली सुरू झालेलं आणि १८१२ पर्यंत (मधली काही वर्षं सोडून) चाललेलं न्यायालय हे पोर्तुगीज राजसत्तेच्या छत्राखालचं, ठरावीक कचेरी असलेलं. दोन्हीकडे समान ते इतकंच: गुप्त साक्षी, कबुलीवर भर, आणि शिक्षा अमलात आणण्यासाठी आरोपीला सरकारच्या हाती देणं. चर्च स्वतःच्या हाताने रक्त सांडत नाही, हे दाखवण्यासाठीची ती पळवाट होती.

मठ कुठला आहे?

एक नाही, तीन-चार ठिकाणं जोडून केलेला आहे. बाहेरून दिसणारा मठ रोमजवळ प्रीमा पोर्ता भागातल्या टेकडीवर उभारलेला सेट होता, त्या काळातल्या युरोपातल्या सर्वांत मोठ्या बाह्य सेटपैकी एक. आतली बरीच दृश्यं जर्मनीत ऱ्हाइनगाऊ भागातल्या एबरबाख मठात घेतली. हा ११३६ साली स्थापन झालेला सिस्टर्शियन मठ. ग्रंथालयाचे जिने रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत बांधले. मुख्य मनोऱ्याचा अष्टकोन मात्र दक्षिण इटलीतल्या कास्तेल देल मोन्ते या तेराव्या शतकातल्या किल्ल्यावरून सुचलेला आहे. इटलीच्या १ सेंटच्या नाण्यावर तोच किल्ला आहे.

ग्रंथालयाचा चक्रव्यूह कादंबरीत असाच आहे का?

नाही. कादंबरीत तो एकाच मजल्यावर पसरलेला, छप्पन्न खोल्यांचा आहे. दारांवरच्या ओळींची पहिली अक्षरं जोडली की देशांची नावं तयार होतात आणि त्यावरून नकाशा सापडतो. कागदावर हे कोडं सोडवायला मजा येते, पण कॅमेऱ्याला तिथे एकसारख्या खोल्यांशिवाय काही दिसलं नसतं. फेरेत्तींनी चक्रव्यूह उभा केला: एकमेकांना छेदणारे, कुठेच न पोचणारे जिने. आड्सो एका जिन्यावर, विल्यम समोरच्या जिन्यावर, दोघं एकमेकांना दिसतात पण भेटू शकत नाहीत. भूगोलाचं कोडं गेलं, त्याबदल्यात भोवळ मिळाली. हा सौदा योग्यच होता.

पोथ्या खरंच अशा लिहीत का? लेखनशाळेत नेमकं काय चाललंय?

हा चित्रपटातला सर्वांत जपून केलेला भाग, आणि रहस्याची किल्लीही इथेच, म्हणून जरा सविस्तर.

चर्मपत्र म्हणजे वासराचं, शेळीचं किंवा मेंढीचं कातडं. ते चुन्याच्या निवळीत तीन ते दहा दिवस भिजवतात, थंडीत त्याहून जास्त. केस सुटले की खरवडून काढायचे, धुवायचं, मग लाकडी चौकटीवर दोऱ्यांनी ताणायचं आणि ताणलेलं असतानाच चंद्रकोरीसारख्या सुरीने दोन्ही बाजूंनी तासायचं. चुन्यात जास्त दिवस राहिलं तर कातडं कमकुवत होतं. तासताना सुरीचं टोक लागलं तर ताणामुळे चीर गोल भोक होते, आणि लिहिणारा त्या भोकाला वळसा घालून पुढे लिहितो. खऱ्या पोथ्यांमध्ये अशी भोकं पुष्कळ दिसतात. मोठ्या आकाराच्या एका बायबलला शे-दीडशे जनावरं लागत, म्हणजे एक ग्रंथ म्हणजे एक कळप. मठाधिपती ग्रंथालयाला का जपतो ते यावरून कळावं.

शाई मायफळाची. मायफळं ठेचून पाण्यात किंवा वाइनमध्ये काही दिवस भिजत घालायची, गाळायची, त्यात हिराकस आणि बाभळीसारख्या झाडाचा डिंक. लिहिताना ही शाई फिकट दिसते, हवा लागली की काळी पडते. हिराकस जास्त झाला तर कालांतराने शाई पान खाऊन टाकते, अक्षरांच्या जागी जाळी उरते.

रंगांत लाल हिंगूळ, निळा लाजवर्द, आणि पिवळा हरताळ. आपल्याकडे पोथीतलं चुकलेलं अक्षर झाकायला हरताळ लावत, आणि 'हरताळ फासणं' तिथूनच आलं. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग. म्हणजे विष शोधायला लेखनशाळेबाहेर जायची गरजच नव्हती. ब्रश ओठांत घेऊन टोक काढायची सवय असलेल्या चित्रकाराचं काय होत असेल, याचा विचार करून पाहा.

एक चूक मात्र: चित्रपटात पोथ्यांजवळ दिवे फार मोकळेपणाने वावरतात. खऱ्या मठांत आगीच्या भीतीने लिखाण दिवसाच्या उजेडावर चाले, म्हणून खिडक्या मोठ्या आणि थंडीत बोटं बधिर.

१३२७ मध्ये चष्मा?

बरोबर आहे. चष्मा १२८० च्या दशकात इटलीत आला. १३०६ साली एका धर्मोपदेशकाने तो निघून वीस वर्षंही झाली नसल्याचं म्हटलं आहे. चित्रात चष्मा दिसतो तो १३५२ साली त्रेव्हिझोमधल्या भिंतीवर. विल्यमचे चष्मे दोन भिंगं खिळ्याने जोडलेले, नाकावर चिमटून धरायचे. कानावर जाणाऱ्या दांड्या पुढच्या कित्येक शतकांनंतरच्या. ही नवलाई होती, म्हणून लेखनशाळेत तो चष्मा चढवतो तेव्हा बाकीचे भिक्षू चमकून पाहतात. मठाधिपती खोलीत येताच त्याने आपली खगोलाची उपकरणं कापडाखाली सारली, तेही ध्यानात ठेवा: हुशारी दाखवणं धोक्याचं आहे, हे त्याला अनुभवाने माहीत आहे.

कसा पाहावा? मुलांना दाखवता येईल का?

अंधाऱ्या खोलीत. निम्मी दृश्यं मेणबत्ती आणि धुक्यात आहेत. टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करावी, नाहीतर दगडी भिंती प्लास्टिकसारख्या दिसतात. ब्राइटनेस वाढवण्यापेक्षा खोलीतला दिवा घालवावा. सबटायटल चालू ठेवावीत, कारण साल्व्हातोरेची खिचडी भाषा आणि मधलं लॅटिन कानांना सापडत नाही. तिथे सबटायटल देणाऱ्यालाही घाम फुटतो, काही प्रतींत तर नुसतं 'लॅटिनमध्ये बोलतो' एवढंच येतं.

मुलांना नको. नग्नता असलेला प्रणयप्रसंग आहे, प्रेतं जवळून दाखवली आहेत, छळ आहे, माणसं जाळण्याचा प्रसंग आहे आणि डुकराची कत्तलही. अमेरिकेत त्याला 'आर' प्रमाणपत्र होतं.

भाग दुसरा: पाहून झाल्यावर (इथून पुढे सगळं उघड)

मग खुनी कोण? कोणी कोणाला मारलं?

क्रम असा. पहिला मृत्यू आदेल्मोचा, म्हणजे सुरुवातीला मनोऱ्याखाली सापडलेल्या चित्रकार भिक्षूचा. त्याने निषिद्ध पुस्तक मिळावं म्हणून बेरेंगारशी शरीरसंबंध ठेवला, मग पश्चात्तापाने मनोऱ्यावरून उडी घेतली. ही आत्महत्या, खून नव्हे. मरण्याआधी त्याने पुस्तकाचा ठावठिकाणा व्हेनांशियसला दिला. व्हेनांशियसने ते वाचलं आणि तिथेच मेला. बेरेंगारला त्याचं प्रेत सापडलं. चौकशी आपल्यावर येईल या भीतीने त्याने ते ओढत नेऊन डुकराच्या रक्ताच्या रांजणात उलटं घातलं. मग पुस्तक स्वतः वाचलं, आग होऊ लागली म्हणून हौदात शिरला, तिथेच गेला. पुस्तक सेव्हेरिनसला त्याच्या औषधांच्या खोलीत सापडलं. मलाकियाने ते परत मिळवण्यासाठी त्याच्या डोक्यात खगोलगोल घातला. आणि शेवटी मलाकियालाही वाचायचा मोह झाला.

म्हणजे हाताने झालेला खून एकच, सेव्हेरिनसचा. बाकीच्यांना होर्हेने पानांना लावलेल्या विषाने मारलं, आणि ते विष प्रत्येकाने आपल्याच बोटाने तोंडात घातलं. ज्याने वाचलं नाही तो वाचला.

आदेल्मो ग्रंथालयाच्या मनोऱ्यातून पडला नाही हे विल्यमला कसं कळलं?

प्रेत मोठ्या मनोऱ्याच्या पायथ्याशी होतं, पण त्या मनोऱ्याची खिडकी उघडतच नाही. विल्यम वर पाहतो, शेजारचा छोटा मनोरा पाहतो, मधला उतार पाहतो. वरून सुटलेला दगड उतारावरून घरंगळत थेट त्या जागी येतो. प्रेतही तसंच आलं. या एका प्रसंगात विल्यमची सगळी पद्धत आहे: आधी जागा, मग माणूस.

बर्फातले ठसे?

टाचेकडे खोल, पुढे उथळ. माणूस पुढे चालला असता तर जोर चवड्यावर पडला असता. टाच रुतते ती ओझं ओढत उलटं चालताना. म्हणजे व्हेनांशियस रांजणापाशी मेला नाही, तिथे आणला गेला. या पुराव्याला आयुष्य फार थोडं: बर्फ वितळलं की संपला. म्हणून विल्यम प्रार्थनेला न जाता आधी अंगण गाठतो.

कोऱ्या चिठ्ठीवर अक्षरं कशी उमटली, आणि आरशाचं दार कसं उघडलं?

चिठ्ठी लिंबाच्या रसाने लिहिलेली आहे. रस वाळला की दिसत नाही. मेणबत्तीजवळ धरलं की रस लागलेला भाग आजूबाजूच्या कातड्याआधी करपून तपकिरी होतो. घरी करून पाहायचं तर साधा कागद घ्या आणि ज्योतीच्या वर बोटभर अंतर ठेवा. त्याहून जवळ गेलात तर चिठ्ठी आणि गुपित दोन्ही जळतील.

दाराचं कोडं लॅटिनमधलं आहे: 'चार'चं पहिलं आणि सातवं दाबा. आड्सो आणि विल्यम आधी वस्तू मोजत बसतात. खरं म्हणजे 'चार' हा शब्दच घ्यायचा आहे. लॅटिनमध्ये तो 'क्वातुओर', रोमन लिपीत सात अक्षरांचा. आरशावर कोरलेल्या ओळीत तो शब्द आहे, त्याचं पहिलं आणि सातवं अक्षर दाबलं की आरसा फिरतो. मराठी प्रेक्षकाला हे चटकन कळत नाही यात त्याचा दोष नाही, देवनागरीत त्या शब्दाची सात अक्षरं होतच नाहीत.

पान चाटून माणूस मरेल?

आपल्याकडे दुकानदार खतावणी उलटताना अंगठा जिभेला लावतो, तीच सवय इथे जीव घेते. प्रत्येक पानाला एकदा, दोनशे पानांना दोनशे वेळा. जितका उत्सुक वाचक तितकं जास्त विष. कादंबरीत त्यावर आणखी एक बारकावा आहे: पानं दमटपणाने चिकटलेली आहेत, त्यामुळे थुंकी लावल्याशिवाय सुटतच नाहीत.

काळी बोटं आणि काळी जीभ ही मात्र पडद्याची सोय. आर्सेनिकसारख्या विषात तासन् तास उलट्या-जुलाब होतात, जीभ शाईसारखी काळी पडत नाही. पण विल्यमला, आणि आपल्याला, डोळ्यांनी दिसणारी खूण हवी होती. शेवटच्या प्रसंगात तो हातमोजा घालून पान उलटतो, तेव्हा सगळं एका कृतीत सांगून होतं.

एवढं जपलेलं पुस्तक म्हणजे काय? खरंच होतं का?

ॲरिस्टॉटलच्या 'पोएटिक्स'चा दुसरा भाग, विनोदावरचा. पहिला भाग शोकांतिकेबद्दल आहे आणि तो आपल्याकडे आहे. त्यात विनोदाबद्दल पुढे बोलू असं म्हटलंय, पण तो पुढचा भाग मिळालेला नाही. म्हणजे चित्रपटाने एका खऱ्या रिकाम्या जागेत गोष्ट बसवली आहे, आणि त्या ग्रंथाचं काय झालं असेल याचं उत्तरही शेवटी देऊन टाकलंय.

हसण्याला इतकं भ्यायचं काय?

होर्हे वेडा नाही, नियम पाळणारा आहे. संत बेनेडिक्टच्या नियमावलीत नम्रतेच्या पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यातली दहावी पायरी म्हणजे सहज हसू न फुटणं. ख्रिस्त हसला असं कुठे लिहिलेलं नाही, हा त्याचा मुद्दा. विल्यमचं उत्तर, हसणं ही फक्त माणसाची गोष्ट आहे, हे थेट ॲरिस्टॉटलचं. होर्हेची खरी भीती पुढची: हसू भय घालवतं, आणि भय गेलं की देवाची गरज कोणाला? गावठी विनोद त्याला चालतो, जत्रेतलं सोंगही चालतं. ॲरिस्टॉटलसारख्या मोठ्या माणसाने हसण्याला मान दिला तर मात्र ते शास्त्र होईल. म्हणून पुस्तक जाळायचंही नाही, कारण तो ग्रंथालयाचा माणूस आहे. लपवायचं आणि वाचणाऱ्याला मारायचं. होर्हेच्या भूमिकेतले फ्योदोर शालियापिन धाकटे (त्याच नावाच्या रशियन गायकाचा मुलगा) शेवटी पानं फाडून तोंडात कोंबतात, तेव्हा त्यांची बोटं पाहा: घाईत आहेत, पण एकही पान खाली पडू देत नाहीत.

बर्नार्दो खरंच असा मेला?

नाही. पडद्यावर त्याची गाडी कड्यावरून कोसळते. खरा गुई १३३१ साली बिशप म्हणून मेला. ही चित्रपटाची सर्वांत स्वस्त जागा. प्रेक्षकाला दुष्टाचा शेवट हवा असतो, तो देऊन टाकला.

मुलगी वाचते की नाही?

आड्सोचं जिच्यावर प्रेम बसतं ती गावातली मुलगी चित्रपटात वाचते. आग लागते, गोंधळ होतो, गावकरी तिला सोडवतात, आणि आड्सो तिला वाटेत मागे सोडून गुरूबरोबर जातो. कादंबरीत तिला बर्नार्दो घेऊन जातो आणि तिचं भवितव्य चितेवरच संपणार हे उघड आहे. आनोंचा बदल दयाळू आहे, पण त्यामुळे गावकऱ्यांची बाजू नीट बांधली जाते हेही खरं. सुरुवातीला हेच लोक मठातून उतारावर फेकलेल्या खरकट्यावर तुटून पडतात, आणि एकीकडे कोंबड्या घेऊन मठाचा दशमांश भरायला रांगेत उभे असतात.

आणि गुलाब कुठे आहे?

चित्रपटात गुलाब दिसत नाही. शेवटी येणाऱ्या लॅटिन ओळीचा आशय असा: पूर्वीचा गुलाब आता नावानेच उरलाय, आपल्या हातात नुसती नावं आहेत. बाराव्या शतकातल्या क्लूनीच्या बर्नार्डच्या एका ओळीचं ते रूप आहे. बर्नार्डच्या काही प्रतींत गुलाबाऐवजी रोमचं नाव येतं. आड्सोला तर नावही मिळालं नाही. ज्या मुलीवर प्रेम केलं, तिचं नाव त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मालिका पाहावी की कादंबरी वाचावी?

२०१९ ची इटालियन मालिका आठ भागांची आहे. विल्यम जॉन टर्टुरो, गुई रूपर्ट एव्हरेट. दोल्चीनोची पार्श्वभूमी त्यात पुष्कळ येते, पण वातावरण चित्रपटाएवढं दाट नाही. कादंबरी घेतलीत तर पहिली शंभर पानं जड जातात, मुद्दाम जड केलेली आहेत. सात दिवस आणि प्रार्थनाप्रहर अशी तिची रचना आहे, तेव्हा रोज एक दिवस वाचावा. लॅटिन ओळींवर अडून बसू नये, बहुतेक वेळा पुढच्या परिच्छेदात अर्थ लागतो.

एबरबाख मठ पाहता येतो का?

येतो. १८०३ साली तो बंद झाला, आता तिथे वाइन तयार होते आणि लोकांना प्रवेश आहे. फ्रँकफुर्टहून रेल्वेने एल्टव्हिलला उतरायचं, तिथून बस. फ्रँकफुर्टच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल. बॅसिलिका आणि लांबच लांब शयनगृह चुकवू नये. शक्य असेल तर थंडीच्या दिवसांत जावं, पण लोकरीचे मोजे घालून. त्या फरशीचा गारवा बुटातून वर चढतो.